पाद्रे म्हणजे बाप

१४ ऑगस्ट १९००. धारच्या वेशीबाहेरील अनाथालयात दुष्काळात आणलेली मुले एकशे सहा; त्या दिवशी जिवंत एकेचाळीस.

या एकेचाळिसांत एक मुलगी अशी होती, की जी जिवंतांत मोजली गेली होती, परंतु त्या दिवशी त्या जागी नव्हती. तिच्या आईची ही हकीकत आहे. आईचे नाव पार्वती. तिने आयुष्यात कोणतेही मोठे कार्य केले नाही. तिच्यावर जो अन्याय झाला तो करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता, आणि याच कारणासाठी तो लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. हेतुपूर्वक केलेल्या अन्यायाची दाद मागण्यासाठी आपल्याकडे पंच आहेत, कचेऱ्या आहेत. चांगल्या माणसांकडून सावधपणे बोलताना जो अन्याय घडतो, त्याला दाराशी उभे करून घेईल अशी जागा नाही.

पार्वतीचा नवरा संताजी धार संस्थानचा शिपाई होता. पवारांच्या फौजेमागून माळव्यात आलेल्या मराठा घरांपैकी हे एक गरीब घर. घरात मराठी, दाराबाहेर माळवी आणि वरिष्ठांपुढे हिंदी, अशी ही माणसे तिन्ही भाषांत वावरत. संताजीची नेमणूक नर्मदेकाठी निसरपूरच्या ठाण्यावर झाली आणि तेथेच त्यांना मुलगी झाली. बारशाला तिचे नाव सरला ठेवले. ते बारशापुरतेच राहिले. पार्वती तिला ‘माई’ म्हणे. ‘माई, जेवून घे.’ ‘माई, पायात काटा जाईल गं.’ लेकीला आईच्या शब्दाने आणि लेकाला ‘बाबा’ म्हणून हाक मारण्याची रीत मराठी घरांत इतकी जुनी आहे, की तिच्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. साडेतीन वर्षांची होईपर्यंत आपले नाव माई आहे याविषयी त्या मुलीला शंका नव्हती.

छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ च्या, दुष्काळाच्या उन्हाळ्यात निसरपुरात पटकी आली. पार्वती पडली. धान्य आणण्यासाठी धारला निघालेल्या सरकारी गाडीत संताजीने तिला घातले, कारण धारला दवाखाना होता.

“तू पुढं हो. बदली शिपाई आला की पोरीला घेऊन मी मागनं येतो,” तो म्हणाला.

“तिला एकटी झोपवू नका,” पार्वती म्हणाली. त्यानंतरचे तिला आठवत नसे.

ती जगली. दवाखान्यातून उठून चालू लागेपर्यंत पावसाळा अर्धा झाला होता. संताजी आला नव्हता. निसरपूरचे ठाणे ओस पडले आहे, एवढेच फौजेच्या कचेरीत कळले. मग कोणीतरी सांगितले, की कुक्षीच्या रस्त्यावरची पोरकी मुले वेशीबाहेर एका परदेशी साहेबाने ठेवून घेतली आहेत.

हा साहेब स्पेन देशाचा होता. नाव हुलियान. रोमच्या पंथाचा धर्मगुरू, चाळिशीच्या आतला, सडसडीत, कामाला वाघ. त्याची इंग्रजी आगबोटीवर शिकलेली, म्हणजे नाममात्र. दरबाराने त्याला दुष्काळी कामाची परवानगी दिली आणि त्याचे बोलणे समजावे म्हणून शिक्षण खात्यातला एक कारकून त्याच्याकडे दिला. त्याचे नाव चिंतामणी. इंदूरला शिकून आलेला, चोवीस वर्षांचा, भाषांचा शौकीन. थोड्याच आठवड्यांत त्याने साहेबाकडून स्पॅनिश शब्द गोळा केले आणि प्रत्येकासमोर इंग्रजी व मराठी शब्द बसवला.

पहिला शब्द साहेबाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दिला : ‘कुरा’. त्यांच्या भाषेत गावच्या धर्मगुरूला म्हणतात कुरा. चिंतामणीने अर्थ बसवला, पाद्री. लोकांना ते साहेबाचे नावच वाटले आणि तो कुरासाहेब झाला. तो तापावर कडू पूड देई, तेव्हा बाया त्या पुडीलाही कुरा म्हणू लागल्या. “साहेब, थोडा कुरा द्या, पोराला हीव भरलंय.” हे ऐकून तो पोट धरून हसला. त्याच्या भाषेत म्हणे उपचारालाही तोच शब्द आहे. चिंतामणीला याचे फार नवल वाटले.

दुसऱ्या एका शब्दाने मात्र चिंतामणीची फजिती केली. कृष्णराव नावाच्या दरबारी अंमलदारापुढे कुरासाहेबाला आपली ओळख सांगायची होती. तो म्हणाला, माझे ‘पाद्रे’ जोडे शिवीत. पाद्रे आणि पाद्री! चिंतामणीला वाटले, हा शब्द तर आपल्याच ओळखीचा आहे. त्याने सांगितले, “यांच्याकडचे पाद्री जोडे शिवीत असत.”

कृष्णराव लोडाला टेकून म्हणाले, “अस्सं! पाद्री जोडे शिवतात? मग तिकडं चांभार काय, सत्यनारायण सांगतात?”

कचेरी हसली. हास्यात जोड्यांविषयीची तुच्छता किती आणि विनोद किती, हे वेगळे करणे कठीण आहे. कुरासाहेबाने हातवारे करून, लहान मूल कडेवर घेतल्याचे दाखवून समजावले : पाद्रे, फादर, पापा. त्याच्या गावी त्याचा बाप खरोखरच मोची होता. कृष्णरावांनी जाता जाता टोला दिला, “चिंतामणराव, साहेबाला निदान बाप तरी त्याचाच द्या!”

त्या दिवसापासून चिंतामणीने एक गाठ मारून ठेवली. सारखा वाजणारा शब्द फसवतो. पाद्रे म्हणजे बाप. पाद्री म्हणजे कुरा. ही गाठ त्याने प्रामाणिकपणे मारली. ती सुटावी असे त्याच्या शिक्षणात काही नव्हते. इंदूरला त्याने पाहिलेले मिशनरी बायकामुलांचे संसारी गृहस्थ होते. त्यांना कोणी रेव्हरंड म्हणे, कोणी पाद्रीसाहेब. धर्मगुरूला फादर म्हणतात हे त्याने कधी ऐकले नव्हते. फादर हा इंग्रजी शब्द त्याला फक्त एकाच माणसासाठी ठाऊक होता.

जूनमध्ये कुक्षीच्या रस्त्यावरून मुलांची गाडी आली. तिच्यात शिपायाचा पट्टा बांधलेल्या एका मृत माणसाशेजारी सापडलेली एक लहान मुलगी होती. चिंतामणी त्या दिवशी कचेरीत होता. तिला नाव विचारले. ती म्हणाली, “माई.”

“काय म्हणते?” कुरासाहेबाने गाडीवानाला विचारले.

“माँ को बुलावे है, साब.”

पुन्हा विचारले. पुन्हा ती म्हणाली, “माई.” मुलगी आपले नाव सांगत होती, आणि ऐकणारे तिला आईवेगळी ठरवीत होते. नाव कळत नाही असे पाहून कुरासाहेब तिला ‘कारिन्यो’ म्हणू लागला. चिंतामणीने अर्थ विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘अफेक्शन’. चिंतामणीने मराठी शब्द बसवला : माया. त्या देशात लहानांना या शब्दाने जवळ घेतात. म्हणजे त्या परक्या माणसाने तिला, नकळत, तिच्या आईसारखीच हाक मारली. फक्त ती तिच्या आईला ओळखू आली नसती.

जुलैत कुरासाहेबाचा सोबती एस्तेबान, हाही धर्मगुरूच, घोड्यावरून आला. देवासला त्याने अनाथ मुलींसाठी लहानसे घर उघडले होते. प्रवास सोसतील अशा सहा मुली, त्यांत हीही, तो गाडीत घालून घेऊन गेला; चिंतामणी तेव्हा सरकारी कामाने इंदूरला होता. तिला लोक काय म्हणतात असे एस्तेबानने विचारले, तेव्हा सारे म्हणाले, कारिन्यो. देवासच्या तोंडी त्याचे ‘कारिणी’ झाले, आणि ते तिचे नाव ठरले.

ऑगस्टच्या त्या दिवशी पार्वती भिंतीला धरून धरून अनाथालयात आली. तिने मुलीचे वर्णन सांगितले : मराठी बोलणारी, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. कुरासाहेबाचा चेहरा उजळला. एवढ्या मुलांत ती एकच वेगळी भाषा बोलत होती. तो भराभर आपल्या भाषेत बोलला, मग इंग्रजीकडे वळला. त्याची वाक्ये अशी होती : पाद्रेने तिला नेले. फादरने. देवासला. ती बरी आहे. त्याची तिच्यावर फार माया आहे.

स्पॅनिशमधून एक अर्थ निघत होता आणि इंग्रजीमधूनही तोच निघत होता. दोन भाषांची साक्ष जुळल्यावर शंकेला जागा राहिली नाही. चिंतामणी आनंदाने म्हणाला, “ताई, पोर सुखरूप आहे! तिचा बाप तिला घेऊन गेला. देवासला. बापाची फार माया आहे म्हणतात तिच्यावर.”

पार्वती खाली बसली. “म्हणजे ते आहेत?”

“आहेत तर!”

“कसे दिसत होते, विचारा ना. बरे होते?”

चिंतामणीने विचारले, फादर कसे होते? उत्तर आले : थकलेला होता, पण ठीक. दाढी वाढलेली. घोड्यावरून आला होता.

“दाढी?” पार्वती म्हणाली. “दाढी ठेवत नाहीत ते.”

“दुष्काळात न्हावी कुठं बसलाय, ताई?”

“घोडा?”

“ठाण्याचा असेल. शिपायाला घोडा मिळायला कितीसा वेळ?”

“मग मला दवाखान्यात का नाही शोधलं?”

हा प्रश्नही त्याने विचारला. कुरासाहेब गंभीर झाला. म्हणाला, आई मेली असेच त्याला वाटत होते. आम्हां सर्वांनाच वाटत होते. बाईला नवऱ्याचे ठाऊक असणारच, असे धरून रस्त्यावरच्या त्या मृत माणसाचा विषय त्याने काढला नाही. दुःखी बाईपुढे मरणाचे बोलू नये हा त्याचा सद्भाव होता. सद्भावानेच तो गप्प राहिला आणि सद्भावानेच चिंतामणी बोलला.

पार्वतीने एवढेच ऐकले, की नवरा आपल्याला मेलेली समजतो आहे. दवाखान्यात कोणी न लावलेले कुंकू तिने त्या संध्याकाळी लावले. आता तिला एकच घाई होती : त्याने दुसरे लग्न करण्यापूर्वी देवास गाठायचे आणि लेक कडेवर घ्यायची.

इंदूरमार्गे बैलगाड्यांच्या मागे मागे ती देवासला पोचली. देवास हे एक गाव, पण राज्ये दोन. थोरल्या पातीची फौज वेगळी, धाकट्या पातीची वेगळी. ती दोन्हीकडच्या शिपायांच्या चाळींत हिंडली. “संताजी नावाचे कोणी आलेत का? सोबत लहान मुलगी आहे.” थोरल्या पातीच्या एका मानकऱ्याची पत्नी भवानीबाई हिने तिला दळणकांडणाला ठेवून घेतले. बाई तोंडाची फटकळ होती, मनाने वाईट नव्हती.

वर्षे गेली. नवरात्रात टेकडीवरच्या देवीला सारे गाव लोटे, तेव्हा पार्वती पायऱ्यांच्या तळाशी उभी राही आणि मुलीचे बोट धरून चाललेला प्रत्येक पुरुष न्याहाळी. शिपाई तिची थट्टा करीत. “काय भाभी, आज कौनसा संताजी पसंद आया?” तिची नजर पायऱ्यांवरून हलत नसे. मनातल्या मनात ती दर वर्षी मुलीची उंची वाढवी. भवानीबाईच्या नातीचे परकर धुताना ती ते स्वतःच्या कमरेशी धरून पाही.

पाद्र्याच्या घरच्या मुली सकाळी रांगेने विहिरीवर जात. त्यांची वाट भवानीबाईच्या दारावरून होती. एकदा बाई ओसरीत बसून म्हणाली, “पार्वते, एवढा गाव पालथा घातलास. त्या दाढीवाल्याच्या पोरी तेवढ्या राहिल्या. त्यांतही बघून घे एकदा.”

पार्वती जात्यावरून उठलीसुद्धा नाही. “त्या पोरींना बाप नाहीत, बाईसाहेब. माझ्या पोरीला बाप आहे.”

या उत्तरात आढ्यतेचा अंश होता आणि तो मी लपवीत नाही. दुष्काळाने अनाथ केलेल्या मुलींपेक्षा आपली लेक वेगळी, असे तिला वाटे. पण ही आढ्यता तिची उपजत नव्हती. एका वाक्याने ती तिला दिली होती. ती पुरुषाला शोधत होती, कारण मुलगी पुरुषाकडे आहे असे तिला सांगण्यात आले होते. पुरुषावाचून चाललेली मुलींची रांग तिच्या शोधात बसतच नव्हती. त्या रांगेकडे तिने कधी टक लावून पाहिले की नाही, हे ती मला सांगू शकली नाही. तिने आठवण्याचा प्रयत्न केला आणि मग मलाच विचारले, “कोपर झाकलेलं असेल ना हो, त्यांच्या झग्यानं?”

दर दिवाळीला ती धारला जाई. सख्खा भाऊ नव्हता. म्हणून ज्याच्या तोंडून नवरा जिवंत असल्याचे कळले, त्या चिंतामणीला तिने भाऊ मानले होते. भाऊबीजेला ती त्याला ओवाळी. तो तबकात लुगडे घाली. चिंतामणीची पत्नी विनोदिनीबाई तिला ठेवून घेई, डोक्याला तेल लावी. यात दिखावा नव्हता.

तिसऱ्या वर्षी चिंतामणीला आपली चूक कळली. इंग्रजांच्या एजन्सीच्या एका समारंभात तो हजर होता. पिकल्या केसांचा एक इंग्रज अंमलदार एका कोवळ्या, मिसरूडही नीट न फुटलेल्या धर्मगुरूपुढे आला आणि आदराने म्हणाला, ‘गुड मॉर्निंग, फादर.’ म्हातारा पोरसवद्याला बाप म्हणत होता. चिंतामणीच्या हातातला पेला तसाच राहिला. दाढी, घोडा, देवास, सारे एका क्षणात जागच्या जागी बसले.

घरी येऊन जेवताना त्याने बायकोला सांगितले. विनोदिनीबाईंनी मला हे संभाषण जसे सांगितले तसे देतो.

“मग उद्याच कळवा तिला.”

“काय कळवू? तुझा नवरा मी जिवंत केला होता, आता मारतो म्हणून?”

“पण पोर?”

“पोर तिथं खाऊनपिऊन आहे. तिला काय कमी आहे?”

“आई कमी आहे.”

तो ताटावरून उठला. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, “एका शब्दासाठी मी बाईचं कुंकू पुसू? तिचं सगळं त्याच्यावर चाललंय. वेळ बघून सांगेन.”

हे कारण खोटे नव्हते. विधवेचे जिणे आपण काय करून ठेवले आहे हे त्याला ठाऊक होते, आणि पार्वतीला त्यातून वाचवल्याचे समाधान त्याला खरोखर वाटत असेल. पण त्या कारणाच्या आड दुसरे एक कारण होते. आता तो शाळा तपासनीस झाला होता. भाषांचा जाणकार म्हणून दरबारात त्याचे नाव होते. कृष्णरावांची कचेरी एकदा हसली होती. समाजाने विधवेसाठी जी शिक्षा ठेवली आहे, तिचा उपयोग एका सुशिक्षित माणसाला आपली चूक झाकण्यासाठी करता आला, ही गोष्ट मला त्या चुकीपेक्षा अधिक भयंकर वाटते. वेळ पाहता पाहता भाऊबिजा येत गेल्या. तो पाटावर बसत राहिला, ती निरांजन फिरवीत राहिली. विनोदिनीबाई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. त्यांनीही सांगितले नाही. नवऱ्याचा शब्द मोडण्याची सवय नव्हती, एवढेच त्या मला म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

१९०८ च्या हिवाळ्यात देवासला प्लेग आला. लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. भवानीबाईच्या झोपडीपासून थोड्या अंतरावर पाद्र्याच्या घरच्या मुलींची झोपडी होती. एके सकाळी पाणक्या सांगत आला, “रात को वो पादरी वाली कारिणी गुजर गई, बाईसाब. बड़ी सयानी छोरी थी, सबको पानी पिलाती थी.”

भवानीबाई चुकचुकली. पार्वती भाकरी थापत होती. ती म्हणाली, “कुणाचं का असेना, लेकरू ते. बरं झालं, बघायला आई नव्हती तिला.” आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.

मुलगी बारा वर्षांचीही झाली नव्हती.

दोन वर्षांनी, भाऊबीजेच्या दिवशी, पार्वती नेहमीप्रमाणे चिंतामणीच्या घरी होती. त्याच सकाळी कुरासाहेब त्याला भेटायला आला. मधली वर्षे त्याने दक्षिणेकडे डहीच्या बाजूला भिल्लांच्या वस्तीत काढली होती. केस पांढरे झाले होते, आणि आता त्याला दुभाष्या लागत नव्हता; तो तिकडची हिंदी बोले. चिंतामणी पाटावर बसला होता. पार्वतीच्या हातात निरांजन लावलेले तबक होते. तिने साहेबाला ओळखले. दहा वर्षांत ज्याला स्वतः विचारता आले नव्हते, त्याला आता विचारता येत होते.

“साहब, मैं वो कोपर के दाग वाली की माँ. तुम बोले थे, उसका बाप उसको देवास ले गया. देवास में किस तरफ, कुछ बोला था क्या वो? दस साल हुए, मिलता ही नहीं.”

कुरासाहेब गोंधळला. “बाप? बाप नहीं, बाई. पादरी. मेरा भाई पादरी, एस्तेबान, वो ले गया था. बाप तो रस्ते में मर गया था. उसी के पास से तो बच्ची मिली.”

पार्वतीला हिंदी उत्तम येत होती. तरीही ती चिंतामणीकडे वळली. “भाऊ, हे काय म्हणतात?”

चिंतामणी पाटाभोवतीची रांगोळी बोटाने सारखी करू लागला.

“भाऊ, काय म्हणतात हे? सांगा ना. तुम्हीच सांगितलं होतंत मागं.”

तो खाली पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. तिला कळायचे ते तेवढ्यावरून कळले, असे ती मला म्हणाली. साहेब बोलला तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता, भावाला आश्चर्य वाटत नाही हे पाहून बसला.

तिने साहेबाला विचारले, “और लड़की?”

“देवास में ही थी. पिलेग में... दो साल हुए.” त्याने हात जोडले. “बहुत अच्छी लड़की. कारिन्यो. वो लोग कारिणी बोलते थे.”

पार्वतीने ते नाव एकदा उच्चारून पाहिले. मग तिने तबक खाली ठेवले. ओवाळण्याचा अधिकार सवाष्णीचा. निरांजन जळतच होते. कपाळाला तिने हात लावला नाही. घाम आणि अश्रूंनी ते कुंकू आपोआप विस्कटले, असे विनोदिनीबाई सांगतात. भाऊबीजेच्या वेळी त्या प्रथमच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या.

आता कुरासाहेबाला आपल्या एका शब्दाने काय केले ते उमगले. हिंदी त्याला सोडून गेली. तो गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला, “पेर्दोन. पेर्दोन.”

पार्वती चिंतामणीकडे पाहत होती. खाली पाहत, दुभाष्याच्या सुरात तो म्हणाला, “साहेब म्हणतात, क्षमा करा.”

ती त्याच दिवशी देवासला परत गेली. भवानीबाईचे काम सोडून ती पाद्र्याच्या घरी दळायला राहिली. धर्म तिने बदलला नाही आणि त्यांनी आग्रह धरला नाही. नवीन पोरकी मुलगी आली की इतर लोक तिला नाव विचारीत. पार्वती बाजूला नेऊन विचारी, “आई तुला काय म्हणून हाक मारायची गं?” मिळालेल्या उत्तरावरून तिने दोन मुलींची घरे शोधून दिली. चिंतामणी दर भाऊबीजेला लुगडे पाठवी. ती ते परत करीत नसे. फाडून मुलींचे झगे शिवी, कोपर दिसेल अशी बाही आखूड ठेवून.

१९१८ च्या साथीत चिंतामणी वारला. पार्वती त्यानंतर सहा वर्षे जगली. मी तिला भेटलो तेव्हा मुलीविषयी ती शांतपणे बोलली, नवऱ्याविषयी शांतपणे बोलली. चिंतामणीचे नाव निघाल्यावर ती म्हणाली, “त्यांनी साहेबांचं सांगितलं. स्वतःचं नाही सांगितलं.”

साहेबाने मागितलेली क्षमा तिला पोचली. चिंतामणीने तिचे भाषांतर अचूक केले होते. चिंतामणीने स्वतः मागायची क्षमा, जिला भाषांतर लागत नव्हते, ती पार्वतीकडे मागितली गेली नाही. ती अजून देणे आहे.